मागायला लाजू नकोस, हिशेबाला चुकू नकोस

अगं, युगांडातल्या आरोग्य केंद्रात स्वयंसेवक म्हणून तुझी निवड झाली, हे ऐकून मला तुझ्याइतकाच आनंद झाला. आणि आता तुमच्या घरात कसला घोर लागला असेल, तेही मला ठाऊक आहे. तिकीट, व्हिसा, विमा, लसी, तिथला राहण्याजेवणाचा खर्च, हे सगळं आणायचं कुठून? बाबांनी जी काही शिल्लक टाकली ती तुझ्या लग्नाच्या नावाने. आई म्हणतेय, बांगड्या मोडते. आणि तू म्हणतेस, "ताई, लोकांकडं हात पसरायची मला लाज वाटते." ये, बस जवळ. आज निवांत बोलू.

पहिली गोष्ट, ही लाज मनातून काढून टाक. आपल्या कोल्हापुरात वर्गणीशिवाय कुठलं चांगलं काम उभं राहिलंय? तालमीची दुरुस्ती असो, गल्लीतल्या पोराचं ऑपरेशन असो, नाहीतर गणपती असो, पेठेतला माणूस खिशात हात घालतो. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कुठून कुठून टेम्पो भरून मदत आली होती. ती आपण घेतली आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. चांगल्या कामासाठी मागणं आणि चांगल्या कामासाठी देणं, दोन्ही मानाच्याच गोष्टी आहेत.

आणि तू काही पहिली नाहीस. आनंदीबाई जोशींचं नाव शाळेत वाचलंस, पण त्यांच्या प्रवासाचं आपल्या गावाशी असलेलं नातं ठाऊक आहे का? गोपाळराव पोस्टात होते आणि कोल्हापुरात नोकरीला असतानाच त्यांनी बायकोला अमेरिकेत शिकवण्यासाठी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. त्यांचं एक पत्र अमेरिकेत छापून आलं, न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं आणि त्यांनी आपल्या घराचं दार उघडलं. पण प्रवासाचा पैसा हवाच होता. १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात, १८ वर्षंही पूर्ण न झालेली ही मुलगी लोकांसमोर उभी राहिली आणि आपण अमेरिकेला का जातोय ते तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. या देशात बायकांसाठी बाई डॉक्टर हवी, हे तिने ठणकावून मांडलं. त्या भाषणाची बातमी पसरली आणि ठिकठिकाणाहून मदत येऊ लागली. दागिनेही मोडावे लागले, पण ती गेली, १८८६ मध्ये डॉक्टर झाली, आणि कोल्हापूर संस्थानाने तिला आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागावर नेमलं. म्हणजे आपलं आजचं सीपीआर. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात तिचं निधन झालं, रुजू व्हायचं राहूनच गेलं. तू ज्या सीपीआरच्या वॉर्डांमधून नर्सिंगचं ट्रेनिंग केलंस, तिथे तिची वाट बघितली गेली होती, एवढं लक्षात ठेव.

आनंदीबाई शिकायला गेल्या. तुझ्यासारखं सेवेला जाणाऱ्याचं उदाहरण हवं असेल तर आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस घे. १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. चीनचे कम्युनिस्ट सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. ३० जून १९३८ ला त्यांनी वर्तमानपत्रांतून देशाला आवाहन केलं. पारतंत्र्यातला देश, लोकांची स्वतःचीच ओढाताण, तरी बघता बघता २२,००० रुपये जमले. त्यातून एक रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टर चीनला धाडले गेले. त्या पाचांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि २७ वर्षांचे कोटणीस होते. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली. बाकीचे पुढे परतले. कोटणीस तिथेच राहिले, चिनी भाषा शिकले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, आजाराने तिथेच त्यांचं निधन झालं. आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि स्वतःच कोटणीस झाले.

ही गोष्ट मी तुला सांगते ती तिच्यातल्या क्रमासाठी. आधी तिथून मागणी आली: आम्हाला डॉक्टर हवेत. मग पैसा जमला. मग, ज्यांच्या हातात ते कसब आहे अशी माणसं गेली. मला तुला जे सांगायचंय ते एवढंच आहे, आधी काम पारख, मग आकडा मांड, आणि मगच लोकांच्या दारात जा. हा क्रम उलटा झाला की चांगल्या मुलींचीही फसगत होते.

म्हणून आधी काम. तुझ्या निवडीच्या पत्रात संस्था तुझ्याकडूनच पैसे मागतेय का, ते नीट वाच. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७१ पासून चालतो. तो उमेदवाराकडून एक रुपया घेत नाही, उलट राहण्याचा भत्ता, प्रवास आणि विमा देतो. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'सारखी संस्थाही आपल्या माणसांना मानधन देऊन पाठवते. त्यामुळे कुणी या संस्थांचं नाव सांगून नोंदणी फी मागितली तर तिथूनच मागे फिर. सगळ्याच छोट्या संस्था लबाड नसतात, काहींकडे खरंच पैसा नसतो आणि स्वयंसेवकाने आपला खर्च आपण उचलावा असं त्या प्रामाणिकपणे सांगतात. पण मग तू त्यांना चार प्रश्न विचारायचेस. माझे पैसे कुठे कुठे खर्च होणार, याची फोड द्या. मी नसते तर हे काम कोण करणार होतं? स्थानिक नर्सची जागा अडवून मला तिथे बसवत नाही ना? आणि तिथल्या नर्सिंग कौन्सिलची परवानगी लागते का, ती कोण काढणार? ज्यांचं काम खरं असतं ते या प्रश्नांनी रागावत नाहीत. जे टोलवाटोलवी करतात त्यांचं उत्तर तिथेच मिळालं म्हणून समज.

यापूर्वी त्या केंद्रात काम करून आलेल्या दोघीतिघींशी फोनवर बोल. संस्थेने दिलेल्या नावांवर थांबू नकोस, स्वतः शोधून काढ. आणि काम अनाथ मुलांचं असेल तर दुप्पट सावध. नेपाळ आणि कंबोडियात परदेशी स्वयंसेवकांचे पैसे मिळतात म्हणून आईबाप हयात असलेली मुलं अनाथाश्रमांत ठेवल्याचं उघडकीस आलेलं आहे. चांगल्या मनाने दिलेल्या पैशातूनच ते घडलं. तुझं काम बाळंतपणाच्या वॉर्डातलं आहे, तुझ्या हातात शिक्षण आहे, हे ऐकून मला निर्धास्त वाटलं. तरी खात्री तू करायचीस.

आता आकडा. वही घे आणि सगळं लिहून काढ. मुंबईहून येण्याजाण्याचं तिकीट. व्हिसा. पोलिसांकडून मिळणारा चारित्र्याचा दाखला. संपूर्ण मुदतीचा आरोग्य विमा, आणि त्यात गंभीर आजारात मायदेशी परत आणण्याचा खर्च धरलाय का, ते पॉलिसी उघडून बघ. युगांडात उतरताना पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड दाखवावं लागतं. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. ते कार्ड हरवलंस तर भारतात परतताना सहा दिवस वेगळं ठेवू शकतात, तेव्हा पासपोर्टच्या पोटातच ठेव. हिवतापाच्या गोळ्या, मच्छरदाणी, तिथला घरखर्च. आणि दोन बाबी सगळे विसरतात. एक, अचानक परतावं लागलं तर तिकिटाचे पैसे वेगळे बाजूला हवेत, त्यांना कशाहीसाठी हात लावायचा नाही. दुसरं, तू इथे नसताना घरात तुझ्या पगाराची जी जागा रिकामी होणार ती. बाबांच्या गाडीचा हप्ता तू भरतेस ना? तो कोण भरणार, हे आताच ठरव. सेवेला निघालेल्या मुलीने घर उघड्यावर टाकायचं नसतं.

आईच्या बांगड्यांचं म्हणशील तर गुजरीतल्या सराफाची पायरी चढू नकोस. सोनं मोडून, कर्ज काढून, व्याजाने किंवा भिशी उचलून स्वयंसेवक म्हणून जायचं नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. तिथे तुला पगार नाही, परत आल्यावर फेडणार कशातून? डोक्यावर देणं असलेल्या माणसाचं कामात लक्ष लागत नाही. त्यापेक्षा सहा महिने थांब, जादा पाळ्या कर, स्वतःचा वाटा उभा कर. आपलं काही घातल्याशिवाय दुसऱ्याला घाल म्हणू नये.

मग लोकांकडे जा. सुरुवात जवळच्यांपासून कर, आणि इथे थोडा कायदा समजून घे. काका, मामा, मावशी, आत्या यांनी तुला कितीही रक्कम भेट दिली तरी त्यावर आयकर नाही. मामेभाऊ, चुलतबहीण, मित्रमैत्रिणी, शेजारी मात्र कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक नाहीत. अशा सगळ्यांकडून मिळून वर्षभरात ५०,००० रुपयांच्या वर गेलं की वरचीच नव्हे, ती सगळीच रक्कम तुझं उत्पन्न धरली जाते. म्हणून पहिल्या दिवसापासून कोणी किती दिलं याची नोंद हवी. अमेरिकेतल्या कुणी देऊ केलं तर आधी विचार, पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर चालतं. तिकडचं नागरिकत्व घेतलेला माणूस मात्र आपला असला तरी परदेशी देणगीच्या कायद्यात येतो. तिथे घाई करायची नाही. एखाद्या सीएकडे अर्धा तास बस, फी दे, आणि लेखी सल्ला घे.

डबा घेऊन महाद्वार रोडवर उभं राहायचं नाही. ट्रस्ट नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणपती मंडळं काढतात ती 'कलम ४१ क'ची परवानगी हीच. तुझ्या प्रवासासाठी ओळखीच्यांकडून भेट घेणं वेगळं, आणि 'युगांडातल्या मुलांसाठी' म्हणून गावभर गोळा करणं वेगळं. दुसरं करायचं झालं तर रीतसर परवानगी काढूनच. आणि पैसे लावून लकी ड्रॉची कुपनं कुणी सुचवली तर सरळ नाही म्हण, खासगी लॉटरी हा गुन्हा आहे. '८० जीची पावती देतेस का?' असं व्यापारी हमखास विचारतील. ती करसवलतीची पावती फक्त मान्यताप्राप्त संस्थेला देता येते, तुला नाही. हे आधीच सांग, म्हणजे नंतर वाईटपणा नको.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांकडे जायचा तुझा विचार चांगला आहे, पण कंपनीचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामाचा निधी मागू नकोस. तो पैसा नियमानुसार देशातल्या कामावरच खर्च करता येतो. ट्रस्टवालेही हळहळून सांगतील की आमच्या नियमात बसत नाही, कारण परदेशातल्या खर्चाने त्यांची करसवलत अडचणीत येते. त्यात तुझा अपमान नाही. मालकांना स्वतःच्या खिशातून द्या म्हण. रोटरीच्या एखाद्या क्लबसमोर बोलायची संधी माग. तुझ्या नर्सिंग कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींना भेट. तुझं काम त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

आणि जाताना हातात एकच कागद ने, मराठीत, एका पानात. लक्ष्मीपुरीतला धान्याचा व्यापारी गिऱ्हाईक सांभाळत उभ्या उभ्या वाचेल, एवढाच. वर तुझं नाव, शिक्षण, फोन. मग: "मी युगांडातल्या अमुक जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रात बाळंतपणाच्या विभागात इतके महिने काम करणार आहे. एकूण खर्च इतका. त्यातला इतका मी पगारातून साठवला, इतका घरच्यांनी दिला, इतका संस्था देणार. उरलेल्या इतक्यासाठी आपल्याकडे आले आहे. जाणं रद्द झालं तर अमुक तारखेपर्यंत आपले पैसे परत करीन." खाली सही. संस्थेचं पत्र मागे जोडलेलं. शेवटचं वाक्य काही केल्या गाळू नकोस, कारण तेवढ्या एका ओळीने समोरच्याचा विश्वास बसतो. कुणी १०० रुपये दिले तरी नाव लिहायचं, पावती द्यायची, दुसरी प्रत आपल्याकडे ठेवायची. यासाठी बँकेत वेगळं खातं काढ, त्यात पगार घालायचा नाही आणि त्यातून घरचा किराणा भरायचा नाही.

एक प्रश्न तुला दारोदारी ऐकावा लागेल. "आपल्याकडं काय गरीब कमी हाईत व्हय? तिकडं कशाला मरायला जातीस?" यावर चिडू नकोस, प्रश्न रास्त आहे. विचारणारा आपल्या माणसांच्या कळवळ्याने विचारतोय. त्याला उत्तर तोंडाने देण्याआधी हातांनी दिलेलं असू दे. निघण्यापूर्वी चंदगड किंवा गगनबावड्याच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन काम कर. मग सांगता येईल, "काका, इथंही केलंय, परत आल्यावर इथंच करणार आहे. तिथं कमी साधनांत बाळंतपणं कशी सांभाळतात ते शिकून येणार आहे." आणि हे नुसतं सांगण्यापुरतं ठेवू नकोस. आपण काही तरी देऊन येणार, अशा थाटात जाऊ नकोस. तिथल्या दाया, तिथल्या नर्सेस तुझ्यापेक्षा जास्त जाणतात. कोटणीस मोठे झाले ते तिथली भाषा शिकून, तिथल्या लोकांत मिसळून. तूही निघायच्या आधी तिथली लुगांडा भाषा शिकायला लाग. कळ कुठे येते, किती वेळ झाला, पाणी हवं का, एवढं तरी बाळंतिणीला तिच्या बोलीत विचारता आलं पाहिजे.

आईचं मात्र वेगळं आहे. तिला आकडे दाखवून समजूत पटणार नाही. कोटणीसांच्या घरीही वडिलांनी पाठिंबा दिला, पण आईचं मन जड झालं होतं. तुझ्या आईला संस्थेच्या माणसाशी फोनवर बोलू दे, तू राहणार ती खोली व्हिडिओवर दाखव, तिथल्या वरिष्ठ बाईंचा नंबर तिच्याकडे दे. आठवड्याचा एक वार फोनसाठी ठरव आणि तो मोडू नकोस. स्थळांचं कुणी काढलं तर तू शांतपणे सांग की आल्यावर बोलू. जो मुलगा एवढ्या कामासाठी थांबणार नाही, तो पुढेही तुझ्यासाठी थांबणार नाही.

पैसे पुरेसे जमले नाहीत तर? तारीख ठरव. त्या तारखेपर्यंत आकडा पूर्ण झाला नाही तर संस्थेकडे मुदत माग. तीही मिळाली नाही तर वही उघडून एकेकाचे पैसे परत कर. त्यात हार नाही. ज्यांना पैसे परत मिळाले, ती माणसं पुढच्या वेळी सगळ्यांच्या आधी देतात.

आणि गेलीस, काम करून आलीस, तर आठ दिवसांच्या आत हिशेब मांड. किती आले, कशावर गेले, किती उरले, उरलेल्याचं काय केलं. परदेशातले फोटो सगळेच टाकतात, पण लोक वाट बघतात ती या कागदाची. ज्या दुकानांच्या पायऱ्या चढलीस त्या पुन्हा चढ आणि कागद हातात दे. शाहू स्मारक भवनातला छोटा कार्यक्रम असो की कॉलेजचा वर्ग, तिथे काय बघितलंस ते मुलींना सांग. चुकलेलं, न जमलेलंही सांग. तुझ्यामागून जी जाईल तिला तुझ्या हिशेबाच्या जोरावर दार उघडलं जाणार आहे, आणि तू गडबड केलीस तर तिच्या तोंडावर ते बंद होणार आहे.

म्हणून उद्या सकाळी पहिलं काम कर. संस्थेला ते चार प्रश्न लिहून पाठव आणि उत्तर येईपर्यंत कुणाकडे एक रुपया मागू नकोस. उत्तर मनासारखं आलं की तो कागद लिही आणि पहिला माझ्याकडे घेऊन ये. पहिली पावती माझ्या नावाने फाड.